हार्मॉनिकचा डायमंड: पान देखणे, पण तार कोणती?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

व्हायोलिन, व्हायोला, चेलो आणि डबल बेससाठी स्टाफ नोटेशनमध्ये लिहिलेले संगीत आता बहुतेक वेळा कॉम्प्युटरवरच तयार होते आणि तिथूनच छापून वादकाच्या स्टँडवर जाते. या सॉफ्टवेअरमुळे पाने सुबक झाली, पार्ट, म्हणजे प्रत्येक वाद्याची वेगळी पाने, काढणे सोपे झाले, याबद्दल दुमत नाही. पण एका ठिकाणी पान अगदी नीटनेटके दिसते आणि मजकूर मात्र चुकलेला असतो. ते ठिकाण म्हणजे हार्मॉनिक, तारेवर बोट न दाबता नुसते टेकवून काढलेला स्वर. तालमीत संपूर्ण सेक्शन थांबतो, प्रत्येक जण वेगळा स्वर काढतो, आणि चूक कुणाची यावर वाद होतो. ही चूक बहुधा लिहिणाऱ्याच्या टेबलावरच झालेली असते आणि तिथेच टाळता येते. म्हणून रचनाकार, अरेंजर आणि पार्ट तयार करणाऱ्यांसाठी हे सविस्तर लिहीत आहे.

आधी तारेचे गणित पाहू. तार दाबायची नाही, तिला बोट नुसते टेकवायचे. जिथे टेकवले तिथे तार हलू शकत नाही, त्यामुळे त्या जागी स्थिर राहू शकणारी कंपनेच उरतात, बाकीची विझतात. मोकळ्या तारेचा स्वर सा धरला, तर वरच्या सां च्या जागी, म्हणजे तारेच्या मधोमध बोट टेकवल्यावर तोच सां मिळतो. प च्या जागी, म्हणजे वरच्या टोकापासून तारेच्या एक तृतीयांशावर टेकवले की त्या प च्या एक सप्तक वरचा पं वाजतो. म च्या जागी, एक चतुर्थांशावर टेकवले की म वाजतच नाही. मोकळ्या तारेच्या दोन सप्तके वरचा सा वाजतो. शुद्ध ग च्या जागी, एक पंचमांशावर, त्या ग च्या दोन सप्तके वरचा ग. आणि कोमल ग च्या जागी, एक षष्ठांशावर, मोकळ्या तारेच्या दोन सप्तके वरचा प. शुद्ध ध च्या जागीसुद्धा (ती तारेच्या दोन पंचमांशावर येते) तोच वरचा ग मिळतो, हे पुष्कळदा विसरले जाते.

डायमंड आकाराचे नोटहेड, म्हणजे स्वरचिन्हाचे डोके, वादकाला फक्त जागा सांगते: एरवी हा स्वर जिथे दाबशील, तिथे बोट टेकव. काय वाजेल ते तार ठरवते. बहुतेक सॉफ्टवेअरच्या दृष्टीने मात्र डायमंड हा नुसता आकार आहे. आतला स्वर तोच राहतो आणि प्लेबॅकमध्ये तोच वाजतो.

व्हायोलिनच्या एका उदाहरणातून हे स्पष्ट होईल. मोकळ्या तारा जी३, डी४, ए४ आणि ई५ (मध्य सी म्हणजे सी४). पानावर एकच डायमंड आहे, डी५ वर, आणि बाजूला काही लिहिलेले नाही. वादकाने तो डी तारेवर घेतला तर बोट तारेच्या मधोमध पडते आणि डी५ वाजतो. जी तारेवर घेतला तर बोट दोन तृतीयांशावर पडते आणि तिथेही डी५ च वाजतो, फक्त रंग वेगळा. पण ए तारेवर घेतला तर डी५ हा मोकळ्या ए चा म होतो, बोट एक चतुर्थांशावर पडते आणि ए६ वाजतो. एकाच चिन्हातून निघणाऱ्या दोन उत्तरांत एक सप्तक आणि वर एक फिफ्थ (सा ते प) एवढा फरक! लिहिणाऱ्याच्या मनात ए६ असेल तर कॉम्प्युटर त्याला डी५ ऐकवतो, आणि तो ‘दुरुस्ती’ म्हणून डायमंडच उचलून ए६ वर नेऊन ठेवतो. इथून पुढे गोंधळ वाढतच जातो. यावर उपाय एका शब्दाचा आहे. डायमंडच्या वर ‘सुल ए’ (म्हणजे ‘ए तारेवर’) लिहावे, किंवा तारेचा रोमन आकडा द्यावा. व्हायोलिनवर एक म्हणजे ई तार आणि चार म्हणजे जी तार. चेलोवर एक म्हणजे ए तार. मोकळ्या तारेवरच्या प्रत्येक डायमंडला तारेचे नाव द्यायचेच, असा नियम ठेवला तर निम्मे प्रश्न तिथेच मिटतात.

दुसरा प्रकार आर्टिफिशियल हार्मॉनिकचा. यात पहिले बोट तार पक्की दाबते, म्हणजे तारेचे वरचे टोकच खाली सरकते, आणि चौथे बोट त्याच्या म च्या जागी, परफेक्ट फोर्थवर, नुसते टेकते. दाबलेल्या स्वराच्या बरोबर दोन सप्तके वरचा स्वर वाजतो. पानावर खाली साधे नोटहेड आणि फोर्थ वर डायमंड. ई६ वाजवून हवा असेल तर ई४ साधा आणि ए४ डायमंड. हिशोब नेहमी वाजणाऱ्या स्वरापासून उलटा करावा: दोन सप्तके खाली या, तो दाबायचा स्वर, त्यावर फोर्थ, तो डायमंड. मात्र तोच ई६ मोकळ्या ए तारेवर ई५ च्या जागी बोट टेकवूनही मिळतो, म्हणून जोडी लिहिण्यापूर्वी मोकळ्या तारांवर तो स्वर सापडतो का हे पाहावे. मोकळ्या तारेवरचा हार्मॉनिक हाताला सोपा असतो.

आता फोर्थविषयी. माझ्या मते सर्वांत जास्त नासधूस इथे होते. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये निवडलेल्या स्वरावर अमुक अंतराचा स्वर चढवण्याची कमांड असते. ओळभर स्वर निवडायचे, ‘वर फोर्थ’ म्हणायचे, वरचे सगळे डायमंड करायचे. काम मिनिटात होते. पण ही कमांड साधारणपणे की सिग्नेचरमधल्या, म्हणजे ओळीच्या सुरुवातीच्या शार्प-फ्लॅटनी ठरलेल्या स्केलच्या, स्वरांवरूनच फोर्थ मोजते. सी मेजरमध्ये एफ वर फोर्थ मागितला की बी येतो. तो परफेक्ट फोर्थ नव्हे, एक सेमिटोन मोठा आहे. इथे स्वच्छ हार्मॉनिकची जागाच नाही. वादक लिहिल्याप्रमाणे बोट टेकवतो आणि नुसती खरखर ऐकू येते. तिथे बी फ्लॅट हवा. प्रत्येक मेजर स्केलमध्ये असा एक दगाबाज फोर्थ असतोच, चौथ्या स्वरापासून सातव्यापर्यंतचा: जी मेजरमध्ये सी ते एफ शार्प, डी मेजरमध्ये जी ते सी शार्प. कमांड वापरल्यावर ही एक जोडी हाताने शोधून दुरुस्त करायचीच. स्वरलेखनात रंग भरणारे क्रोमॅटिक स्वर असतील तर प्रत्येक जोडी तपासावी.

स्पेलिंगचेही तसेच. ट्रान्सपोझ केल्यानंतर किंवा मिडी कीबोर्डवरून वाजवून घेतल्यावर जी शार्पच्या वर सी शार्पऐवजी डी फ्लॅट येऊन बसतो. कानाला दोन्ही सारखे, पण पानावर डी फ्लॅटमुळे अंतर फिफ्थचे दिसते. फिफ्थवर बोट टेकवण्याचाही एक प्रकार आहे आणि त्यात दाबलेल्या स्वराच्या एक सप्तक नि फिफ्थ वरचा स्वर वाजतो. वादक नजरेने अंतर ओळखतो, अक्षरे वाचत बसत नाही, त्यामुळे तो बोट लांबवतो आणि भलताच स्वर काढतो. डायमंडचे शार्प-फ्लॅट प्रत्येक वेळी छापावेत, त्याच मेझरमध्ये आधी आले असले तरीही. थोडी गर्दी झाली तरी चालेल.

नोटहेड भरीव की पोकळ, हाही घोटाळ्याचा विषय. आर्टिफिशियल जोडीत डायमंड नेहमी पोकळ असतो, खालचा स्वर क्वार्टर नोट असला तरीही. कालावधी खालचे साधे नोटहेडच सांगते. कालावधी दीडपट करणारा डॉटसुद्धा खालच्यालाच. मोकळ्या तारेवरच्या एकट्या डायमंडला मात्र सोबती नसतो. एरवी क्वार्टर नोट भरीव आणि हाफ नोट पोकळ असतो, त्यामुळे तो पोकळ ठेवला तर या दोहोंत फरक उरत नाही. काही प्रकाशक अशा ठिकाणी क्वार्टर आणि त्याहून लहान स्वरांना भरीव डायमंड देतात. मला तो मार्ग पटतो, पण एका रचनेत एकच पद्धत हवी. अर्ध्या पानावर भरीव नि उरलेल्यावर पोकळ असे नको.

म्यूझस्कोर या सॉफ्टवेअरमध्ये ए४–डी५ ही जोडी लिहायची तर आधी ए४ टाका, मग शिफ्ट धरून डी दाबा म्हणजे तो त्याच कॉर्डमध्ये वर बसेल. नंतर फक्त वरच्या नोटहेडवर क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये नोटहेड डायमंड करा. क्वार्टर नोट असेल तर तो भरीव दिसेल. तिथेच दृश्य कालावधी बदलण्याची सोय आहे, ती हाफवर आणली की डायमंड पोकळ होतो आणि खरा कालावधी बदलत नाही. एवढे झाल्यावर पान बरोबर आहे, पण प्लेबॅकमध्ये ए आणि डी असा डबल स्टॉप (दोन स्वर एकदम) ऐकू येईल. तो घालवायला दोन्ही नोटहेड प्लेबॅकमधून वगळायची आणि दुसऱ्या व्हॉइसमध्ये (त्याच ओळीवरच्या स्वतंत्र स्वरधारेत) ए६ टाकायचा.

हा ए६ छापायचा असेल तर तो लहान आकाराचा, कंसातला आणि स्टेम नसलेला ठेवा. छापायचा नसेल तर अदृश्य करा. अदृश्य स्वर वाजतोच. तो पहिल्याच कॉर्डमध्ये चढवण्याचा मोह टाळा, कारण मग एकच स्टेम ए४ पासून ए६ पर्यंत दोन सप्तके ताणली जाते. दुसरा व्हॉइस आला की पहिल्या व्हॉइसच्या सगळ्या स्टेम आपोआप वर वळतात, हा आणखी एक दुष्परिणाम. त्या निवडून एक्स कीने परत फिरवाव्या लागतात. दुसऱ्या व्हॉइसमध्ये उरलेले रेस्टही काढून टाका किंवा लपवा, नाहीतर पानभर अनाथ रेस्ट दिसतात. स्लर आणि डायनॅमिक्स या कंसातल्या स्वराला धडकतात, ते शेवटी एकदा पाहून घ्यावे.

लिलीपाँड या सॉफ्टवेअरमध्ये काम टाइप केलेल्या मजकुरातून होते आणि म्हणून तपासायला सोपे जाते. कोनी कंसांच्या कॉर्डमध्ये खालचा स्वर, मग वरचा स्वर, आणि वरच्याला लागून तिरक्या रेघेसह ‘हार्मॉनिक’ हा शब्द. एकटा डायमंड असला तरी तो कोनी कंसांतच लिहावा. डायमंड पोकळच येतो. डॉट असलेल्या स्वरात डायमंडला डॉट लागत नाही. आर्टिफिशियल जोडीत हेच बरोबर आहे, पण एकट्या डॉटेड डायमंडला तो हवा असतो, तेव्हा ‘हार्मॉनिकडॉट्स’ ही सेटिंग चालू करावी आणि ओळ संपल्यावर बंद करावी. हार्मॉनिकची खूण म्हणून स्वराच्या वर जे छोटे वर्तुळ ठेवतात, त्यासाठी ‘फ्लॅजोलेट’ ही वेगळी कमांड आहे. लिलीपाँडची मिडी फाइलही डायमंडचा लिहिलेलाच स्वर वाजवते. छापण्यासाठी एक आणि मिडीसाठी एक असे दोन पर्याय टॅग लावून एकाच फाइलमध्ये ठेवले की हा प्रश्न सुटतो.

डोरिको या सॉफ्टवेअरमध्ये हार्मॉनिक हा स्वराचा गुणधर्म म्हणून मिळतो. दाबायचा स्वर टाका, प्रॉपर्टीजमधल्या हार्मॉनिक्स गटात आर्टिफिशियल निवडा आणि कितवा अंशस्वर (मूळ कंपनाच्या कितव्या पटीचा स्वर) हवा ते सांगा. डायमंड सॉफ्टवेअरच मांडते. विचार म्हणून ही पद्धत मला सर्वांत योग्य वाटते, कारण इथे सॉफ्टवेअरला आकारामागचा अर्थ कळतो. तरी ती बोटांचा ताण मोजत नाही, तो आपणच मोजायचा.

तो ताण असा. व्हायोलिनच्या तारेची वाजणारी लांबी सुमारे ३३ सेंटिमीटर. जी तारेवर ए३ दाबला की २९ उरतात, आणि त्याचा चौथा हिस्सा म्हणजे दोन बोटांत ७ सेंटिमीटरहून थोडे जास्त अंतर. ताणल्यासारखे होते, पण जमते. चेलोची तार सुमारे ६९ सेंटिमीटर. तिथे हेच अंतर १५ सेंटिमीटर होते, म्हणून चेलिस्ट अंगठ्याने तार दाबतो आणि तिसऱ्या बोटाने डायमंडची जागा धरतो. अंगठा खालच्या पोझिशनमध्ये झटकन नेता-आणता येत नाही, त्यामुळे तिथे साध्या स्वरांच्या मधोमध एकेक आर्टिफिशियल हार्मॉनिक पेरू नये. डबल बेसवर हा हिशोब २३ सेंटिमीटरवर जातो; खालच्या भागात आर्टिफिशियल हार्मॉनिक लिहूच नये, मोकळ्या तारांवरचे वापरावेत. ते बेसवर फार सुरेख बोलतात.

मर्यादा खालूनही आहे. व्हायोलिनवर मिळणारा सर्वांत खालचा हार्मॉनिक म्हणजे जी४. फोर्थच्या पद्धतीने जी५ च्या खाली काहीच मिळत नाही. कॉम्प्युटरवर मात्र ई४ वर वर्तुळ ठेवले तर ते निमूट बसते आणि वाजूनही दाखवले जाते. वादक ती खूण जी तारेवर ई४ च्या जागी बोट टेकवायची असे समजला तर बी५ ऐकू येतो, कारण ती ध ची जागा आहे.

वर्तुळाचा अर्थ ‘हा स्वर हार्मॉनिकमध्ये वाजव’ असा, म्हणजे ते वाजणाऱ्या स्वरावर ठेवायचे. एकट्या वादकासाठी ते पुरेसे असते. सेक्शनसाठी तार आणि जागा लिहून दिलेली बरी, नाहीतर प्रत्येक जण आपापली सोय पाहतो. वर्तुळ कोणते निवडायचे यातही गफलत होते. मोकळ्या तारेचे शून्य उभट असते, हार्मॉनिकचे वर्तुळ गोल आणि लहान असते, आणि चेलोच्या अंगठ्याच्या खुणेत वर्तुळाखाली लहानशी उभी रेघ असते. काही जण कीबोर्डवरचे अंशाचे चिन्ह टेक्स्ट म्हणून टाकतात. ते स्वराला बांधलेले नसते, त्यामुळे लेआउट बदलला की शेजारच्या स्वरावर सरकते आणि ट्रान्सपोझ केल्यावर जागच्या जागी राहते. आर्टिक्युलेशनच्या पॅलेटमधलेच चिन्ह वापरावे.

ग च्या जागांबद्दल थोडे. पाचव्या अंशस्वराची खरी जागा तारेच्या ०.२ वर, पियानोच्या हिशोबातल्या मेजर थर्डची जागा ०.२०६ वर. व्हायोलिनवर हा फरक २ मिलिमीटर होतो. वादकाने थर्ड नेहमीसारखा घेतला तर स्वर फुटतो, म्हणून वेगवान ओळीत ही जागा लिहू नये. शिवाय वाजणारा ग कॉम्प्युटरच्या ग पेक्षा १४ सेंट (सेंट म्हणजे सेमिटोनचा शंभरावा भाग) उतरलेला असतो; तो पियानोबरोबर एकाच स्वरात धरून ठेवायचा असेल तर कानाला बोचतो. फोर्थच्या जागेत हा फरक पाव मिलिमीटरच्या आसपास येतो. म्हणूनच ती जागा इतकी भरवशाची.

एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात फाइल नेताना विशेष जपावे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये फिनाले या सॉफ्टवेअरचा विकास थांबवल्याची घोषणा झाल्यापासून जुन्या फाइल म्यूझिकएक्सएमएल या देवाणघेवाणीच्या फाइल प्रकारातून दुसरीकडे नेण्याचे काम पुष्कळांना करावे लागते आहे. म्यूझिकएक्सएमएलमध्ये हार्मॉनिकसाठी दाबलेला स्वर, टेकवलेला स्वर आणि वाजणारा स्वर अशा तिन्ही नोंदींची सोय आहे. पण पाठवणाऱ्याने त्या भरल्या नसतील, किंवा घेणाऱ्याने वाचल्या नाहीत, तर उरतो तो नुसता डायमंड, कधी भरीव, आणि कधी तर साधा कॉर्ड. पूर्वी लपवलेले वाजते स्वर नव्या फाइलमध्ये उघडे पडतात, हेही घडते. जुन्या फाइलचा पीडीएफ शेजारी उघडून हार्मॉनिक असलेले प्रत्येक मेझर नजरेखालून घालावे.

डबल बेसचा पार्ट लिहिताना आणखी एक गोष्ट ठरवावी लागते. बेसचे नोटेशन वाजते त्याच्या एक सप्तक वर लिहितात. जी तारेवर म च्या जागी डायमंड लिहिला, तर पानावर तो सी४ असतो आणि वाजतो जी४. काही रचनाकार हार्मॉनिकसाठी ट्रेबल क्लेफ लावून वाजणारा स्वर आहे तसाच लिहितात, काही तिथेही नेहमीचे सप्तकाचे अंतर ठेवतात. दोन्ही पद्धती रूढ आहेत, त्यामुळे नुसते पान पाहून कोणती ते कळत नाही. सॉफ्टवेअर तर बेसची ओळ म्हणून सगळेच एक सप्तक खाली वाजवते. पार्टच्या पहिल्या पानावर, टेम्पोच्या वर, एक ओळ छापावी: डायमंड म्हणजे टेकवण्याची जागा, कंसातला लहान स्वर म्हणजे वाजणारा स्वर, आणि बेसचे हार्मॉनिक वाजतात तसे लिहिले आहेत की एक सप्तक वर. ही ओळ स्कोअरमध्ये असते आणि पार्ट काढताना गळते, कारण अनेकदा ती फक्त स्कोअरच्या पानाला जोडलेली असते. प्रत्येक पार्ट उघडून ती तिथे आली आहे का ते पाहावे.

आपला,
तंतुवाद्यांसाठी स्वरलेखन करणारा एक वाचक